समुद्री स्केटचे परजीवी: विविधता, उत्क्रांती आणि अभ्यास (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नागपूर आणि विदर्भातल्या महाविद्यालयांतून प्राणिशास्त्र, मत्स्यविज्ञान शिकणारे विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि मासळीचे चाहते यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आणि अडचणीचे नंतर घेतले आहेत. तीच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. लॅटिन नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत.

1. स्केट म्हणजे आपल्या बाजारात येणारे पाकटच ना?

नाही, पण नाते जवळचे आहे. दोघांचेही अंग ताटासारखे चपटे आणि सांगाडा हाडाऐवजी कूर्चेचा. पाकटाच्या शेपटीवर करवती धारेचा विषारी काटा असतो आणि मादी थेट पिल्ले देते. स्केटला विषारी काटा नसतो. पाठीवर आणि शेपटीवर खरखरीत काटेरी उंचवटे असतात, आणि मादी अंडी घालते. प्रत्येक अंडे चारही कोपऱ्यांना शिंगे असलेल्या चिवट, चौकोनी पिशवीत बंद असते.

स्केटच्या जवळपास 300 जाती माहीत आहेत आणि बहुतेक थंड किंवा खोल पाण्यात राहतात. त्यामुळे कोकणाच्या उथळ पाण्यातून जाळ्यात येतो तो सहसा पाकट. भारताच्या समुद्रात स्केट आहेत, उदाहरणार्थ त्रावणकोर स्केट, पण ते खोल उतारावर. हा फरक लक्षात ठेवणे भाग आहे, कारण स्केटचे परजीवी आणि पाकटाचे परजीवी वेगळे असतात, कित्येकदा वंशाच्या पातळीवरही.

2. एका स्केटवर किती प्रकारचे परजीवी असू शकतात?

अवयवांच्या क्रमाने बघत गेले की यादी आपोआप तयार होते. त्वचेवर अकँथोकोटाइल हा चपटा कृमी सापडतो. त्याच्या मागच्या टोकाला काट्यांच्या ओळी असलेली गोल चकती असते आणि तिने तो घट्ट बसतो. त्याच त्वचेवर पॉन्टॉब्डेला ही चामखिळींनी भरलेली समुद्री जळू रक्त पिते. नाकपुडीच्या खळग्यात मेरिझोकोटाइल, कल्ल्यांवर राजॉन्कोकोटाइल हा मोनोजीनी गटातला (मुख्यतः माशांच्या अंगावर चिकटून राहणाऱ्या चपट्या कृमींच्या गटातला) कृमी, आणि शिस्टोब्रॅकिया, युडॅक्टिलिना यांसारखे कोपेपॉड. कोपेपॉड हे कोळंबीचे दूरचे भाऊबंद, पण परजीवी झाल्यावर अंग इतके बदलते की नवख्याला ते मांसाचा तुकडा वाटतात.

आत गेल्यावर जठरात ओटोडिस्टोमम हा मोठा पर्णकृमी (फ्लूक) आणि प्रोलेप्टस हा गोलकृमी मिळू शकतो. पित्ताशयात क्लोरोमिक्सम, म्हणजे सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारा, मिक्सोझोआ गटातला परजीवी. गुदमार्गाजवळ कॅलिकोटाइल. रक्तात ट्रिपॅनोसोमा राजे हा एकपेशीय जीव, ज्याचे वर्णन लाव्हेरान आणि मेस्निल यांनी 1902 साली केले. तो वर सांगितलेल्या जळूमार्फत पसरतो.

उरले सर्पिल आतडे, म्हणजे पट्टकृमींचे (टेपवर्मचे) घर. एकेइनेबोथ्रियम, एकिनोबोथ्रियम, अकँथोबोथ्रियम, ग्रिलोशिया ही तिथली नेहमीची नावे. एकाच स्केटमध्ये हे सगळे मिळत नाहीत. पण नाकपुडी, पित्ताशय आणि गुदमार्ग न तपासता 'फक्त पट्टकृमी आढळले' असे लिहिणारे अहवाल बरेच आहेत, आणि ती नोंद अर्धवट असते.

3. पट्टकृमीच इतके का? बाकी माशांमध्ये तर पर्णकृमी जास्त दिसतात.

निरीक्षण बरोबर आहे. हाडांच्या माशांत पर्णकृमींची रेलचेल असते, तर मुशी, पाकट आणि स्केट यांच्यात पट्टकृमींची. पट्टकृमींचे 19 गण मानले तर त्यांतले 9 या कूर्चामाशांत आढळतात.

आतड्याची रचना हे एक मोठे कारण. स्केटचे आतडे आखूड असते, पण आत गोल जिन्यासारखी घडी फिरत जाते. अन्न या वेढ्यांतून सावकाश सरकते आणि शोषणाचा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. पट्टकृमीला तोंड नाही, पचनसंस्था नाही. तो अंगभर अन्न शोषतो. अशा प्राण्याला याहून सोयीची जागा नाही. शिवाय पहिल्या वेढ्यातली अस्तराची उंची, खड्डे आणि झालरी शेवटच्या वेढ्यापेक्षा वेगळ्या असतात. म्हणून एका जातीचा कृमी वरच्या वेढ्यांत तर दुसऱ्या जातीचा खालच्या वेढ्यांत बसतो. एकेइनेबोथ्रियमच्या शीर्षाच्या मध्यभागी सोंडेसारखा भाग असतो, तो अस्तरात खोल रुततो. भोवतीच्या चार पानांसारख्या चूषकांवरचे कप्पे अस्तराच्या उंचवट्यांना धरून बसतात. शीर्षाचा आकार आणि अस्तराचा आकार यांची जोडी समजली की विविधतेचे अर्धे कोडे उलगडते.

दुसरे कारण रसायनाचे. या माशांच्या रक्तात आणि मांसात युरियाचे प्रमाण फार जास्त असते. ज्यांचे पूर्वज या वातावरणाला सरावले, त्यांचेच वंश इथे फोफावले.

4. पिल्लू अंड्यातूनच कृमी घेऊन येते का?

आतड्यातले पट्टकृमी तसे येत नाहीत. पिशवीतले पिल्लू जातीनुसार काही महिने ते वर्षाहूनही अधिक काळ फक्त बलकावर वाढते. संसर्ग होतो तो पहिला घास घेतल्यावर. कृमीचे अंडे पाण्यात पडते, एखादा छोटा कवचधारी प्राणी ते खातो, त्याच्या शरीरात अळी वाढते. पुढे तो प्राणी थेट स्केटच्या पोटात जातो, किंवा मध्ये एखादा मासा, शिंपला अथवा खेकडा येतो.

म्हणून आहार बदलला की कृमी बदलतात. लहान स्केट अँफिपॉड (छोटे कवचधारी प्राणी) आणि बारीक कोळंबीवर जगतात, मोठे झाल्यावर खेकडे आणि मासे खातात. एकाच जातीचे 20 सेंटिमीटरचे आणि 70 सेंटिमीटरचे स्केट तपासले तर दोन वेगळ्या जातींचे परजीवी पाहत आहोत असे वाटेल. नमुन्याची लांबी, रुंदी आणि लिंग नोंदवल्याशिवाय तुलना करू नका. निसर्गात पूर्ण जीवनचक्र उलगडलेल्या जाती मोजक्याच आहेत. बाकी अळ्या आणि प्रौढ यांची जोडणी आता डीएनएवरून होते.

5. त्वचेवरच्या कृमीलाही असा मधला यजमान (परजीवी ज्याच्या शरीरावर किंवा शरीरात राहतो तो प्राणी) लागतो का?

लागत नाही. मोनोजीनी गटाचे कृमी एका यजमानावरून थेट दुसऱ्यावर जातात. बहुतेकांची अळी केसाळ असते आणि पोहत यजमान शोधते. अकँथोकोटाइल लोबिआंकीच्या अळीला मात्र केस नाहीत, ती पोहू शकत नाही. तिची अंडी तळावर वाट पाहत राहतात. स्केट येऊन वर बसला आणि त्याच्या त्वचेचा बुळबुळीत स्राव अंड्याला लागला की काही सेकंदांत झाकण उघडते आणि अळी अंगाला चिकटते. दिवसाचा मोठा भाग वाळूत पडून राहणाऱ्या यजमानासाठी याहून नेमकी युक्ती सुचणे अवघड.

6. पाकट खाल्ल्याने हे कृमी माणसाला होतात का?

स्केट-पाकटाच्या आतड्यातले प्रौढ पट्टकृमी माणसाच्या आतड्यात वाढत नाहीत, आणि साफ करताना आतडे निघूनच जाते. इतर माशांच्या मांसात कधी तांदळाच्या दाण्यासारख्या पांढऱ्या गाठी दिसतात, त्या ट्रिपॅनोरिंक पट्टकृमींच्या अळ्या असतात. दिसायला किळसवाण्या, पण शिजवल्यावर त्रास देत नाहीत.

काळजी घ्यायची ती अ‍ॅनिसाकिस या गोलकृमीच्या अळीची, कोणत्याही समुद्री माशाबाबत. मासा आतपर्यंत 63 अंश सेल्सिअस तापला किंवा उणे 20 अंशांवर 7 दिवस राहिला तर ती मरते. मीठ, लिंबू, व्हिनेगर यांच्यावर भरवसा ठेवू नका. आपल्याकडची रस्सा उकळण्याची पद्धत पुरेशी आहे. पाकटाला येणारा अमोनियाचा उग्र वास कृमींचा नसून सडणाऱ्या युरियाचा असतो.

7. एवढे कृमी असून स्केट मरत कसा नाही?

बहुतेक वेळा नुकसान स्थानिक असते: शीर्ष रुतलेल्या जागी अस्तर सुजते, कल्ल्याच्या पाकळ्या झिजतात. यजमान मेला तर आतड्यातला कृमीही मरतो. मत्स्यालयात मात्र चित्र उलटते. बंद टाकीत त्वचेवरचे आणि कल्ल्यांवरचे मोनोजीनी कृमी मधल्या यजमानाशिवाय वाढत जातात आणि मासा दगावतो.

8. एका जातीचा कृमी एकाच जातीच्या स्केटमध्ये का राहतो?

तीन अडथळे असतात. पहिला आहाराचा: अळी असलेला प्राणी खाल्लाच नाही तर संसर्ग नाही. दुसरा आतड्याच्या अस्तराचा (प्रश्न 3). तिसरा रक्तातल्या संरक्षणाचा, आणि त्याचा पुरावा फार सुंदर आहे. अकँथोबोथ्रियम क्वाड्रिपार्टिटम हा राजा नेव्हस या स्केटचा कृमी. मॅकव्हिकर आणि फ्लेचर यांनी 1970 साली दाखवले की राजा रेडिआटा या दुसऱ्या स्केटचा रक्तद्रव या कृमीला विषारी ठरतो. म्हणजे चुकीच्या पोटात पोहोचलेला कृमी तिथे टिकत नाही. या दोन्ही स्केटची वंशनावे नंतर बदलली आहेत: आता ल्युकोराजा नेव्हस आणि अँब्लिराजा रेडिआटा. जुने लेख शोधताना दोन्ही नावे टाका.

हा नियम सगळ्यांना लागू नाही. ट्रिपॅनोरिंक पट्टकृमी, जळवा आणि काही कोपेपॉड अनेक यजमानांवर राहतात.

9. मग यजमान आणि परजीवी बरोबरीनेच उत्क्रांत झाले, असे म्हणायचे का?

इतके सरळ म्हणू नका. यजमानाची एक जात फुटून दोन झाल्या आणि परजीवीही फुटला, हे घडते. पण परजीवीने नवा यजमान पकडणे, एका फांदीवर नामशेष होणे, किंवा यजमान तोच असताना स्वतः फुटून दोन जाती होणे, हेही घडते. एकाच स्केटमध्ये एकाच वंशाच्या दोन-तीन जाती सापडतात, त्या केवळ सहउत्क्रांतीने समजावता येत नाहीत. एकेइनेबोथ्रियमसारखा वंश मुख्यतः स्केटमध्येच आढळतो, हे जुन्या नात्याचे चिन्ह आहे. त्या वंशाच्या आत मात्र कोणती जात कोणत्या स्केटमध्ये हे पाहिले की दोन्ही वंशवृक्ष तंतोतंत जुळत नाहीत.

परजीवींवरून यजमानाचा इतिहास काढण्याचे गाजलेले उदाहरण दक्षिण अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातल्या पाकटांचे आहे. डॅनियल ब्रूक्स आणि सहकाऱ्यांनी 1981 साली कृमींवरून मांडले की या पाकटांचे पूर्वज पॅसिफिकमधून, अँडीज पर्वत उभा राहण्याआधी आत आले. पुढे 1998 साली लव्हजॉय आणि सहकाऱ्यांनी पाकटांच्याच डीएनएवरून उत्तरेकडची, कॅरिबियन बाजूची वाट सुचवली. परजीवीची साक्ष मोलाची आहे, पण यजमानाचा स्वतंत्र वंशवृक्ष समोर ठेवूनच ती वाचायची, हा यातला धडा.

10. इतक्या मऊ प्राण्यांचे जीवाश्म सापडतात का?

क्वचित, पण सापडलेले थक्क करतात. ब्राझीलमधल्या पर्मियन काळातल्या, सुमारे 27 कोटी वर्षांपूर्वीच्या मुशीच्या विष्ठेच्या जीवाश्मात पट्टकृमीची 93 अंडी एका घोसात मिळाली. हा शोध 2013 साली प्रसिद्ध झाला. 2024 साली म्यानमारच्या सुमारे 9.9 कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरमध्ये ट्रिपॅनोरिंक पट्टकृमीच्या आकडेदार सोंडेचा तुकडा नोंदवला गेला. जमिनीवरच्या झाडाच्या डिंकात समुद्री माशाचा कृमी अडकला, म्हणजे किनाऱ्यावर काहीतरी घडले असणार. कूर्चामासे आणि पट्टकृमी यांचे नाते डायनोसॉरांच्या आधीचे आहे, एवढे या अंड्यांवरून ठामपणे म्हणता येते.

11. मोती पाकटाच्या कृमीमुळे तयार होतो, हे खरे का?

हा समज मन्नारच्या आखातातून आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम हर्डमन आणि जेम्स हॉर्नेल यांनी श्रीलंकेच्या मोती-शिंपल्यांची पाहणी केली. शिंपल्यांत पट्टकृमीच्या गोल अळ्या आढळल्या आणि त्यांचा अंतिम यजमान शिंपले फोडून खाणारे पाकट असावेत असे मांडले गेले. अळ्या शिंपल्यात असतात आणि पाकट शिंपले खातात, हे दोन्ही खरे. पण मोती मुख्यतः या अळ्यांभोवतीच तयार होतो ही कल्पना पुढे टिकली नाही.

12. नागपुरात समुद्र नाही. भोईपुरा किंवा मंगळवारी बाजारातला पाकट आणून अभ्यास होईल का?

पट्टकृमींच्या रचनेचा अभ्यास होणार नाही. मुंबई असो की विशाखापट्टणम, दोन्ही किनारे नागपूरहून 800 किलोमीटरच्या घरात आहेत. मासा मेल्यावर आतड्यातले रस कृमीलाच पचवू लागतात. काही तासांत पृष्ठभाग सुटतो, आकडे गळतात. बर्फाने वेग कमी होतो, थांबत नाही. गोठवलेल्या माशात बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. वर अनेकदा आतडे काढूनच मासा विकायला येतो.

दोन गोष्टी मात्र हाती लागू शकतात. कल्ल्यांवरचे कोपेपॉड कवचामुळे टिकतात, आणि गोठलेल्या कृमींतून डीएनए मिळू शकतो. पण मासा कुठल्या बंदराचा हे विक्रेत्याला सांगता आले नाही तर ती नोंद प्रकाशनाच्या कामाची नाही.

हात बसवायला स्थानिक साहित्य उत्तम. कोंबडीच्या आतड्यात राइलिएटिना हा पट्टकृमी मिळतो. मागूर माशात लायटोसेस्टस हा पट्टकृमी मिळतो. त्यातली लायटोसेस्टस इंडिकस ही जात मोघे यांनी 1925 साली वर्णिली. इथेही यजमान नीट ओळखा: बाजारात मागूर म्हणून विकला जाणारा मासा कित्येकदा आफ्रिकी मागूर असतो, ज्याच्या पालनावर 2000 सालापासून बंदी आहे. स्केटच्या कामात घात करणारी चूक, म्हणजे यजमान चुकणे, इथेच शिकून घेता येते. नागपुरात पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ असल्यामुळे माशांच्या ओळखीसाठी जाणकार शहरातच भेटतात.

13. किनाऱ्यावर नमुना नेमका कसा घ्यायचा?

बोट धक्क्याला लागण्याच्या वेळेला पोहोचा आणि अगदी ताजा मासा निवडा. चाकू लावण्यापूर्वी वरून, खालून, तोंडाजवळून आणि शेपटीचे फोटो घ्या. पट्टी आणि नमुना क्रमांक फोटोत दिसलाच पाहिजे. मांसाचा किंवा यकृताचा हरभऱ्याएवढा तुकडा 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. पुढे जातीवरून वाद झाला तर हा तुकडाच कामी येतो.

मग बाहेरची तपासणी: त्वचा, नाकपुड्या, कल्ले. नंतर पोट उघडून आतडे बाहेर काढा, लांबीने एक सरळ चीर द्या आणि समुद्राच्या पाण्यात पसरा. नळाचे पाणी वापरू नका; गोड्या पाण्यात कृमी फुगून फुटतो. शीर्ष रुतलेले असेल तर चिमट्याने ओढू नका, अस्तराचा तुकडा कापून घ्या. निम्मे कृमी 95 टक्के इथेनॉलमध्ये, उरलेले समुद्राच्या पाण्यात बनवलेल्या 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये. कृमी जिवंत असतील तर फॉर्मॅलिन उकळीजवळ तापवून ओता, म्हणजे ते आक्रसत नाहीत. वाफ श्वासात जाऊ नये म्हणून हे उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून आणि हातमोजे घालून करा. कृमी काढल्यावर आतडेही त्याच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये ठेवा. बारीक जाती नंतर त्यातच सापडतात.

दहा टक्के फॉर्मॅलिन म्हणजे बाटलीतले द्रव एक भाग आणि समुद्राचे पाणी नऊ भाग. बाटलीतच फॉर्मल्डिहाइड 37 ते 40 टक्के असते, त्यामुळे तयार द्रावण सुमारे 4 टक्के फॉर्मल्डिहाइडचे होते. या दोन आकड्यांचा गोंधळ दर वर्षी नमुने बिघडवतो.

पाकट हाताळत असाल तर शेपटीचा काटा आधी कापा. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम, साधारण 45 अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवा आणि डॉक्टरकडे जा.

14. नमुने नागपूरला आणायचे कसे?

रेल्वेत ज्वलनशील द्रव नेता येत नाही, म्हणून इथेनॉलचे कॅन घेऊन विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसू नका. फॉर्मॅलिनमध्ये किमान आठवडाभर ठेवलेले कृमी ओलसर गॉझमध्ये गुंडाळून दोन बंद पिशव्यांत प्रवास करू शकतात. पोहोचल्यावर पाण्याने धुऊन 70 टक्के इथेनॉलमध्ये टाका. डीएनएच्या कुप्यांसाठी रासायनिक माल स्वीकारणारी वाहतूक सेवा आणि संस्थेचे पत्र लागते. लेबल बाहेर चिकटवू नका. जाड कागदावर पेन्सिलीने लिहून कुपीच्या आत टाका. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये धुऊन जाते. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 च्या वर गेला की झाकण घट्ट असूनही इथेनॉल उडते. मार्च ते जून दर पंधरवड्याला पातळी तपासा.

15. स्लाइड काळीकुट्ट किंवा दुधाळ होते. कुठे चुकते?

क्रम असा. कृमी 70 टक्के इथेनॉलमधून 35 टक्क्यांत आणि मग पाण्यात आणा. डेलाफिल्डचे हेमॅटॉक्सिलिन नऊपट पाण्यात पातळ करून रात्रभर ठेवा. नळाच्या पाण्यात धुवा आणि पुन्हा 70 टक्क्यांत आणा. मग 1 टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेल्या 70 टक्के इथेनॉलमध्ये रंग उतरवा, आतले अवयव वेगळे दिसेपर्यंत. लगेच अल्कलीयुक्त इथेनॉलमध्ये टाका, गुलाबी रंग निळसर होतो. पुढे 90 टक्के, 100 टक्के दोनदा, मिथाइल सॅलिसिलेट आणि शेवटी कॅनडा बाल्सम.

स्लाइड काळी म्हणजे आम्लात कमी वेळ दिला. दुधाळ म्हणजे कृमीत पाणी राहिले, आणि त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये, कारण उघडी राहिलेली 100 टक्क्यांची बाटली हवेतला ओलावा ओढते. अशा वेळी पुन्हा 100 टक्क्यांत न्या. बाटली नवी फोडा. कृमी दोन काचांत दाबून चपटा करण्याची सवय सोडा. दाबल्याने शीर्षाची रुंदी आणि वृषणांची मांडणी बदलते आणि मापे इतरांशी जुळत नाहीत. जुनी कित्येक वर्णने यामुळेच निरुपयोगी ठरली आहेत. बाल्सम सुकायला काही आठवडे लागतात. मे महिन्यात स्लाइड उभ्या ठेवल्या तर काच घसरते, आडव्याच ठेवा.

16. अकँथोबोथ्रियम आहे हे कळले. जात कशी ठरवायची?

वंश ओळखणे सोपे: शीर्षावर पानांसारखे चार चूषक, प्रत्येकावर दुभंगलेल्या आकड्यांची एक जोडी आणि मागे तीन कप्पे. जात अवघड, कारण दोनशेहून अधिक जाती आहेत. घोषरॉय आणि कायरा यांनी 2001 साली चार निकषांची चाळणी दिली: एकूण लांबी 15 मिलिमीटरपर्यंत की जास्त, खंड (पट्टीसारख्या शरीराचे तुकडे) 50 पर्यंत की जास्त, एका खंडात वृषणे 80 पर्यंत की जास्त, आणि अंडाशयाच्या पाळ्या सारख्या की असमान. आपला कृमी कोणत्या गटात बसतो ते पाहून त्याच गटातल्या जातींशी आणि त्याच समुद्रातल्या जातींशी आधी तुलना करा. अपरिपक्व कृमीवर हे निकष लावू नका, लांबी आणि खंडसंख्या वाढत जातात.

डीएनएसाठी कृमीचा मधला भाग द्या आणि शीर्ष व शेवटचे खंड स्लाइडवर ठेवा. म्हणजे डीएनएचा अनुक्रम आणि रचना एकाच प्राण्याची राहते. 28एस जनुकाचा पहिला भाग या गटात नेहमी वापरला जातो.

17. नवी जात जाहीर करायला काय लागते?

एक कृमी पुरत नाही, चढउतार दिसायला अनेक पूर्ण वाढलेले लागतात. मूळ नमुना स्पष्ट निवडून सार्वजनिक संग्रहात जमा करावा लागतो. भारतात त्यासाठी कोलकात्याचे भारतीय प्राणी सर्वेक्षण आहे. फक्त ऑनलाइन नियतकालिकात छापत असाल तर झूबँकमधली (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीतली) नोंद लेखातच दिसली पाहिजे, नाहीतर नाव वैध होत नाही. विभागाच्या कपाटात ठेवलेली स्लाइड म्हणजे जमा केलेला नमुना नव्हे.

18. कुठलाही पाकट कापायला कायद्याने हरकत नाही ना?

आहे. करवत मासा, काही गिटारफिशसारखे मासे आणि काही पाकट 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि 2022 च्या दुरुस्तीने याद्या बदलल्या. धक्क्यावर मेलेला मिळाला तरी परवानगीशिवाय हात लावू नका. जाण्याआधी ताजी यादी छापून बरोबर ठेवा.

19. जुन्या पुस्तकांत 'राजा बॅटिस'मध्ये सापडलेल्या कृमींच्या नोंदी आहेत. त्या वापरू का?

वापरा, पण यजमान संशयित समजून. युरोपातला हा मोठा स्केट दोन वेगळ्या जातींचा आहे हे 2010 साली दाखवले गेले. आज त्या डिप्टुरस बॅटिस आणि डिप्टुरस इंटरमेडिअस म्हणून ओळखल्या जातात. शंभर-दीडशे वर्षांच्या नोंदींत कोणता कृमी कोणत्या जातीतला, हे त्या काळच्या माशाचा फोटो किंवा ऊतक नसेल तर ठरवता येत नाही. अशा यादीवरून 'हा कृमी दोन यजमानांत राहतो' किंवा 'एकाच यजमानात राहतो' असे दोन्ही निष्कर्ष चुकू शकतात. तक्त्यात यजमानाचे मूळ छापलेले नाव एका रकान्यात आणि आजचे नाव दुसऱ्या रकान्यात द्या.

20. आतड्यात फक्त सुटे खंड सापडले, शीर्ष नाही. नोंद करता येईल का?

या गटातल्या बऱ्याच पट्टकृमींचे खंड पूर्ण पिकण्याआधीच गळतात आणि आतड्यात स्वतंत्रपणे वाढत राहतात. ते वेगळे प्राणी वाटतात, काही जणांना पर्णकृमीही वाटतात. शीर्षाशिवाय जातीचे नाव देऊ नका. खंड इथेनॉलमध्ये ठेवा. त्याच माशातल्या पूर्ण कृमीशी अनुक्रम जुळला तर नाव देता येते.

21. एकच कृमी दोन वेगळ्या स्केटमध्ये मिळाला. काय समजायचे?

आधी घरातल्या चुका तपासा. दोन्ही मासे एकाच ट्रेमध्ये, एकाच चाकूने उघडले होते का? सुटे कृमी सहज इकडचे तिकडे होतात. प्रत्येक माशानंतर ट्रे, चिमटे आणि चाकू धुवा, पाणी बदला. मग यजमानांचे फोटो आणि ऊतक पाहा (प्रश्न 13).

दोन्ही बरोबर असतील तर कृमी पिकलेला आहे का ते बघा. एकात अंड्यांनी भरलेले आणि दुसऱ्यात सगळेच अपरिपक्व असतील, तर दुसरा यजमान बहुधा अपघाती: अळी पोहोचली, वाढली नाही. दुसऱ्या स्केटने पहिल्या स्केटचे पिल्लू खाल्ले असेल तर शिकारीतून आलेले प्रौढ कृमीही थोडा वेळ टिकतात. अशा वेळी ते आतड्यात घट्ट चिकटलेले नसून सुटे मिळतात, म्हणून जठरातले अन्न नोंदवून ठेवा. दोन्हींत पिकलेले आणि चिकटलेले असतील तर डीएनए करा. अनुक्रम वेगळे निघाले तर दिसायला सारख्या दोन जाती आहेत. अनुक्रमही सारखेच निघाले, तर हा खरोखर दोन यजमानांचा कृमी आहे आणि ती नोंद फोटो, ऊतक आणि स्लाइडच्या क्रमांकांसह छापण्याजोगी आहे.